तुलाराम ढिवराचं दुसरं बारसं

नाकाडोंगरीहून जंगलाच्या कडेकडेनं चालत आलं की आमच्या गावाच्या आधी तलाव लागतो. त्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मासेमार ढिवरांच्या मोहल्ल्यापासून दोन हाकांच्या अंतरावर, तुलारामची झोपडी होती. गावाच्या लेखी तो मेलेला माणूस होता. हे मी थट्टेनं लिहीत नाही. पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला रीतसर अग्नी दिलेला होता, दहावं झालं होतं, जात जेवून उठली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, पंचेचाळीस सालच्या हिवाळ्यात, तो खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन पायी चालत गावात आला.

पुतळा जळालेला माणूस जिवंत परतला तर त्याच्यासाठी आमच्याकडे रीत आहे. त्यानं पुन्हा जन्म घ्यायचा. हळदीच्या पाण्यानं आंघोळ, अंगावर कोरं कापड, सुपातल्या धानाला पाठ टेकवून निजायचं, म्हाताऱ्या बाईनं कानात नाव सांगायचं, घुगऱ्या वाटायच्या. मग तो माणसांत. तुलाराम तेव्हा पंचविशीचा होता आणि मोठा मानी. पंचांना म्हणाला, "मी मेलोच नाई, त जन्म कायले घेऊ? चूक तुमची हाय. पुतळा तुमी जाळला."

पंच म्हणाले, "मंग राय तसाच."

तो तसाच राहिला. बायको सखाबाई तोवर बावनथडी नदीच्या पलीकडच्या गावात पाट लावून गेली होती. तिला तो कधी भेटायला गेला नाही, आणि तिच्याबद्दल वाईटही बोलला नाही. तलावात महाजाळं पडलं की मासळीचे वाटे होत; त्यात त्याचा वाटा नसे. लग्नाचं बोलावणं नसे. फाटकी जाळी मात्र सगळे त्याच्याच दारात आणून टाकत, कारण त्याच्यासारखी गाठ कोणाला येत नव्हती. जाळं टाकायचं, दोन दिवसांनी न्यायचं, जाताना शेरभर तांदूळ ठेवायचे. बोलायचं नाही. चौतीस वर्षं त्यानं अशी काढली.

तो समुद्रावर कसा गेला, ते आधी सांगतो.

लढाईच्या दिवसांत चिखला गावच्या खाणीतून मँगनीज रात्रंदिवस निघत होतं. तुलाराम आणि त्याचा जिवाभावाचा दोस्त धनीराम, दोघंही वॅगनमध्ये दगड भरायच्या कामावर होते. एकदा ठेकेदारानं वॅगनींबरोबर दहा माणसं विशाखापट्टणमच्या बंदरावर पाठवली. तिथं जहाज भरून झालं आणि जहाजावरचेच खलाशी पटकीनं पडले. चाटगावचा एक म्हातारा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, धक्क्यावर येऊन दंड चाचपून माणसं निवडू लागला. त्यानं या दोघांना घेतलं. समुद्र पाहिलेला नव्हता, पण ढिवराची पोरं. पाण्याला भ्यायची गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. धनीराम तर एका श्वासात तलावाचा तळ चाचपून मूठभर चिखल वर आणणारा.

जहाजाचं नाव हेदरडेल. तुलाराम त्याच्याबद्दल बोलायचा तेव्हा एखाद्या म्हाताऱ्या सोयऱ्याबद्दल बोलावं तसा बोलायचा. ते विलायतेत एका नदीकाठी बांधलेलं, त्याच्या जन्माच्याही आधी. पहिल्या लढाईत त्यानं खेचरं वाहिली होती आणि म्हणे तळघरात पावसाळी दिवसांत अजून खेचरांचा वास यायचा. मग गहू वाहिला, लोकर वाहिली, कोळसा वाहिला. दोनदा विकलं गेलं, दोनदा नाव बदललं. लढाईसाठी त्याला राखाडी रंग फासला होता आणि शेपटाकडे एक तोफ बसवली होती. ती तोफ, सारंग सांगायचा, कधी उडालीच नाही. रंगाखाली जुन्या नावाची अक्षरं हाताला लागत. तुलारामला वाचता येत नव्हतं. पण रिकामा वेळ मिळाला की तो त्या अक्षरांवरून बोट फिरवी. ते आकार त्याच्या बोटात इतके बसले होते की पुढं पारीच्या चिखलात तो काडीनं ते काढून दाखवी. काय लिहिलंय, ते त्यालाही माहीत नव्हतं.

जहाजावर या दोघांना कोयलावाला म्हणत. काम तळाशी. कोठारातला कोळसा फावड्यानं ओढून भट्ट्यांपाशी नेऊन टाकायचा, तिथून आगवाले तो आत झोकत. चार तास काम, आठ तास सुटी. घाम पुसायच्या आधी वाळून जाई. समुद्र त्यांना दिवसातून एकदा दिसे, पाळी संपवून वर आल्यावर, आणि तेव्हा डोळे कोळशानं इतके भरलेले असत की धड दिसतही नसे.

"जहाज भरलं तवा म्या वाकून पायलं," तुलाराम सांगायचा. "येवढं मोठं पोट, अन् दगड तळाले चार हात. म्हटलं, अर्धंबी नाई भरलं. अन् बाहेर पायतो त जहाज गळ्यापर्यंत पाण्यात. आपल्या चिखल्याचा दगड होता तो. म्या भरला असन, धनीरामनं भरला असन. किती जड, ते आमाले मालूम होतं. जहाजाले मालूम नव्हतं."

ही गोष्ट तो एकाच माणसाला सांगत असे. धनीरामची बायको रेवताबाई.

त्रेचाळीस साली खाणीच्या बाबूनं कागद वाचून सांगितलं होतं की जहाज बुडालं आणि दोघंही बेपत्ता. पंचांनी दोघांचे पुतळे करायचं ठरवलं. पळसाची पानं आली, काड्या आल्या. तुलारामचा पुतळा झाला. रेवताबाई तेव्हा सतरा वर्षांची. तिनं नवऱ्याच्या नावची पानं उचलली आणि बकऱ्यांपुढं टाकली. म्हणाली, "ढिवर पाण्यात मरते का? तुमी काय डोंगरावरले लोक झाले का?" कुंकू पुसू दिलं नाही. म्हाताऱ्या बायांनी कपाळाला हात लावले.

मग तुलाराम परत आला. गावात शिरताना पहिली तीच दिसली, घाटावर भांडी घासत. तिनं त्याला तू कसा आलास विचारलं नाही. हातातली राख तशीच, आणि म्हणाली, "अन् ते?"

तुलारामनं पेटी खाली ठेवली. म्हणाला, "पोहत होता, वहिनी. म्या पायलं."

त्या एका वाक्यानं तिचं खरं ठरलं. एक परत आला, दुसराही येईल. गावानंही पुढं तिला कधी विचारलं नाही. लग्नाकार्यात पाच सवासिणींत ती उभी राही, आणि कोणी खालीवर पाहत नसे.

दर बाजाराच्या दिवशी नाकाडोंगरीला मासळी विकून ती दुपारी परतायची. रिकामी टोपली पारीवर उपडी घालून तीवर बसायची आणि म्हणायची, "हं, भाऊजी, कोठपर्यंत आलो होतो?" तुलाराम गाठी मारत बोलायचा. खेचरं, सारंग, भट्ट्या, मासे उडतात तो समुद्र. बुडाल्यावर एका होडीत सतरा माणसं, तेरा दिवस, आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागली तेव्हा नऊ; मग लढाई संपेपर्यंत तिकडंच अडकणं. कुठं चूक झाली तर ती सुधारायची, "नाई जी, सारंगाचा पाय डावा लंगडा. मागं डावा सांगितला होता." तो हसायचा. मेलेला माणूस आणि परागंदा माणसाची बायको. त्यांच्या बसण्याला नावं ठेवायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. मेलेल्यापाशी बसलं तर काय होतं?

आता खरं काय झालं होतं, ते सांगतो. त्यानं ते मला पुष्कळ वर्षांनी, सगळं होऊन गेल्यावर सांगितलं; पण वाचणाऱ्याला ते इथंच कळलेलं बरं.

बंदर सोडल्यापासून नवव्या दिवशीची सकाळ. दोघंही तळाशी कामावर होते. तंबाखूची चंची वर राहिली होती. धनीराम म्हणाला, "जा, आण." तुलाराम शिडी चढून वर आला, आणि पाणबुडीचा टॉर्पेडो बरोबर भट्ट्यांच्या बाजूला बसला. ज्या भोकातून तो वर आला होता, त्या भोकातून वाफ निघू लागली. पांढरी, जाड, शिट्टी वाजवत. त्यानं वाकून एक हाक मारली. फक्त एक. चेहरा भाजला म्हणून तो मागं झाला. मग जहाज वाकलं. पोटात मँगनीज, एक बिडी ओढून व्हायच्या आत समुद्र सपाट झाला. तुलाराम एका फळीला धरून होता. धनीराम पाण्यापर्यंत पोचलाच नव्हता. ज्या पाण्यात ढिवर मरत नाही म्हणून रेवताबाई वाट पाहत होती, त्या पाण्याचा त्याला स्पर्शही झाला नव्हता. तो कोळशात गेला.

"घाटावर तिनं इचारलं तवा मले वाफच आठवली," तुलाराम म्हणाला. "अन् तोंडातून निघालं पोहत होता. मंग वापस घेता आलं नाई."

एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात रेवताबाईच्या भाचीचं, शकुनबाईचं लग्न निघालं. शकुनला आईबाप नव्हते. रेवताबाईनंच तिला वाढवलेलं. नवरा मुलगा जवाहरनगरच्या फॅक्टरीत, क्वार्टरमध्ये राहणारा. वऱ्हाड भाड्याच्या ट्रकनं आलं. हळदीच्या वेळी पाच सवासिणी पुढं झाल्या. पहिली रेवताबाई. तिनं हळदीत बोटं बुडवली आणि मुलाची मावशी मंदाबाई म्हणाली, "थांबा हो. या बाईंचे मालक कुठं आहेत?"

कोणीतरी म्हणालं, "समुद्रावर गेले हायेत."

"कधी?"

"बेचाळीस साली."

मंदाबाईनं बोटांवर मोजलं. "सदतीस वर्षं! अन् ही पोरीला हळद लावणार? आमच्या पोराच्या नशिबात काय लिहायचं ठरवलंय तुम्ही?" ती वाईट बाई नव्हती. पोटच्या पोरासारखा भाचा. तिला भीती वाटली. पण ती बोलली ते सगळ्यांच्या मनात कुठंतरी दबलेलं होतंच, म्हणून कोणी तिला गप्प केलं नाही.

रेवताबाईची बोटं हळदीत तशीच. ती म्हणाली, "तुलाराम भाऊजीले इचारा. त्याईनं डोळ्यानं पायलं."

जागेश्वर तेव्हा जातीचा मुख्य पंच. भला माणूस, पण रीत म्हटली की दगड. तो म्हणाला, "रेवता, तो मेलेला हाय. मेलेल्याची साक्ष कशी घ्यावं?"

"मंग माझं कुंकू कोणाच्या साक्षीवर टिकलं इतके दिवस?"

"इतके दिवस कोणी इचारलं नाई ना, बाई."

माणूस पाठवला. तुलाराम आला, मांडवाच्या बाहेर, उन्हात उभा राहिला. आत यायचा त्याला हक्क नव्हता. डोक्याचे केस पांढरे, मिशा पांढऱ्या, हातात अर्धी मारलेली गाठ. जागेश्वरनं त्याला काय झालं ते सांगितलं. तो रेवताबाईकडं पाहत होता. ती हळदीच्या वाटीशी वाकलेली, जणू हात बाहेर काढला की सगळं गेलं.

त्यानं खरं सांगितलं असतं तर तिथल्या तिथं, भाचीच्या हळदीत, तिच्या बांगड्या फोडल्या असत्या. तो गप्प राहिला असता तरी तेच झालं असतं. खोटं सांगायला त्याची हरकत नव्हती. पण त्याचं खोटंही धरलं जाणार नव्हतं, कारण तो माणसांत नव्हता.

त्यानं हातातली अर्धी गाठ ओढून पुरी केली. मग तुलाराम म्हणाला, "करा मंग बारसं."

"काय म्हणते?"

"माझं बारसं करा म्हणतो. हळद वाटलेलीच हाय. कापड असनच मांडवात. लवकर करा, वऱ्हाड उन्हात हाय."

पंचविशीत ज्यानं सगळ्या जातीला उलटं उत्तर दिलं, तो साठीला टेकलेला म्हातारा बायकांपोरांसमोर घाटावर उघडा बसला. जागेश्वरच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, नवरीची हळद त्याच्या अंगाला लावली. नवरदेवासाठी आणलेलं धोतर त्याच्याभोवती गुंडाळलं. सुपात धान ओतलं, आणि एवढा लांब माणूस सुपाला पाठ टेकवून आकाशाकडं तोंड करून निजला. कौशल्याबाई त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. तिनं त्याच्या कानाशी वाकून कुर्रर केलं आणि नाव सांगितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "पोरगा मिशासकट झाला जी!" लोक हसले. वऱ्हाडातले तर पोट धरून हसले. लग्नाच्या पंगतीसाठी शिजवलेल्या हरभऱ्याच्या घुगऱ्या वाटल्या. तुलारामनं डोळे मिटले होते.

मग त्याला मांडवात नेलं. पुढ्यात जाळं पसरलं. आमच्यात जाळ्यावर हात ठेवून बोललेलं ते शपथेवरचं, त्याला पुढं कोणी खोटं म्हणत नाही.

जागेश्वर म्हणाला, "धनीरामले मेलेला पायला का जिता पायला?"

"जिता."

"काय करून रायला होता?"

"पोहत होता."

मंदाबाई मधेच म्हणाली, "कुठल्या बाजूला?"

हे त्याला कधी कोणी विचारलं नव्हतं. रेवताबाईनंही नाही. "सूर्य निघाला होता," तो म्हणाला, "तिकडं तोंड करून. हात चांगले चालत होते त्याचे. म्या हाक मारली त मागं वळून पायलं."

मंदाबाईनं डोळ्याला पदर लावला आणि स्वतःच रेवताबाईचा हात धरून पुढं केला. रेवताबाईनं शकुनला हळद लावली. आधी गुडघ्याला, मग खांद्याला, मग गालाला.

त्या दिवशी तुलाराम पंगतीत जेवला. जागेश्वरनं त्याला आपल्या शेजारी बसवलं. लोकांनी आग्रह केला. तोही खाली मान घालून जेवत राहिला, ताटातलं काही टाकलं नाही.

पुढचा बाजाराचा दिवस आला. दुपारी रेवताबाई पारीवरून आली. टोपली डोक्यावरच होती. झोपडीपासून दहा पावलांवर उभी राहिली. डोक्यावर पदर ओढलेला. चौतीस वर्षांत तिनं त्याच्यापुढं पदर ओढला नव्हता.

"भाऊजी, मी बसत नाई आता."

"काहून जी?"

"कौशल्याबाई म्हणे, आता तो जिता माणूस झाला. एकटा. अन् तू सवासीण. जितेपणी बरं दिसत नाई." तिनं डोक्यावरची टोपली सावरली. "बरोबरच हाय ना तिचं?"

तुलारामनं जाळ्यात मान घातली. म्हणाला, "बरोबर हाय."

"सूर्याकडं पोहत होते, हे तुमी मले कधी सांगितलं नाई."

"आठवलं नव्हतं."

"मागं वळून पायलं म्हणे."

"हो."

"मंग त येतीन," ती म्हणाली, आणि गेली.

त्यानंतर तुलाराम माणसांत राहिला. मासळीच्या वाट्यात त्याचं नाव आलं. बोलावणी येत, बारशाला, दहाव्याला, पोळ्याला. तो जाई, भिंतीला टेकून बसे, पान खाऊन परत येई. जाळी घेऊन येणारे आता दोन शब्द बोलत. कोणी जहाजाचं विचारलं नाही. मँगनीज भरलं की जहाजाचं पोट रिकामं दिसतं, हे ऐकून घ्यायला कोणाला सवड नव्हती. मला कधी तो म्हणायचा, सारंगाचा पाय डावा होता की उजवा, ते आता त्याला आठवत नाही. चूक काढणारं कोणी राहिलं नाही.

रेवताबाई शहाऐंशीच्या पावसाळ्यात गेली. भर कुंकवात, हिरव्या लुगड्यात नेली. जवाहरनगरहून शकुन आली होती, मंदाबाईही आली, आणि सवासीण म्हणून मंदाबाईनं तिची ओटी भरली. तुलारामनं खांदा दिला. आता त्याला देता येत होता.

मी त्याला नंतर एकदा विचारलं, "तुम्ही तिला खरं सांगायला कधी गेलाच नाही का?"

"गेलो होतो," तो म्हणाला. "एकदा. तिची तब्येत बिघडली होती, शाऐंशीच्या उन्हाळ्यात. म्हटलं, आता त सांगावं. दारात गेलो. तिनं आवाज ऐकला त शेजारच्या पोरीले हाक मारून घरात बसवलं, मंग मले आत घेतलं. पाट टाकला. पाणी देल्लं. गुळाचा खडा देल्ला. पायुण्याले देते तसा. ती पोरगी समोर बसली होती, तिच्यासमोर का सांगू? म्हटलं, वहिनी, जाळं फाटलं असन त द्या. ती म्हणे, आता नायलॉनचं हाय, भाऊजी, फाटत नाई."

"मग?"

"मंग पाणी पिलो अन् आलो."